आठ वाजता ओतलेलं पाणी

सरासरी हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. टीव्हीवर पावसाची बातमी लागली आणि "यंदा सरासरीइतका" असं कुणी म्हटलं की सून हळूच आवाज बंद करते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "बाई, नोकरीतल्या गमतीजमती लिहा, हलकंफुलकं लिहा." गमती पुष्कळ आहेत, त्या सांगतेही. पण लिहायला बसले तर पहिल्याच पानावर हा शब्द आडवा आला, त्याला मी काय करू?

मी महसूल मंडळाच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं नोकरी केली. भोकरदन तालुक्यातलं गाव आहे, धावड्याच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते अजून तिथेच राहतात आणि मीही तिथेच राहते. मालक त्याच कार्यालयात शिपाई होते. ते गेल्यावर अनुकंपेवर मला घेतलं. दहावी पास होते, अक्षर बरं होतं, म्हणून आठवड्याभरातच साहेबांनी पावसाची वही माझ्या हातात दिली. "शकुंतलाबाई, यात डोकं लावायचं नाही. आठ वाजता मोजायचं आणि लिहायचं," एवढंच माझं प्रशिक्षण झालं.

पर्जन्यमापक म्हणजे फार मोठं यंत्र असतं असं लोकांना वाटतं. कार्यालयाच्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर बसवलेलं एक नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली, भोवती तारेचं कुंपण. झालं यंत्र. नरसाळ्यात पडलेलं पाणी बाटलीत साठतं. सकाळी आठ वाजता बाटली काढायची, पाणी रेघांच्या काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. मग वर फोन करून कळवायचं, पाणी फेकायचं आणि रिकामी बाटली परत ठेवायची. आज आठ ते उद्या आठ हा आमचा एक दिवस. पाऊस नसला तरी जाऊन पाहायचं आणि शून्य लिहायचं. एका नव्या साहेबांनी विचारलं होतं, "बाई, मे महिन्यात कशाला जाता?" मी म्हटलं, "साहेब, शून्यसुद्धा बघितल्याशिवाय लिहिता येत नाही."

या एका बाटलीवर आसपासच्या वीसेक गावांचं नशीब होतं. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की मंडळात अतिवृष्टी झाली असं सरकार मानतं. मग पंचनामे होतात, मदतीच्या यादीत नाव लागतं. चौसष्ट पडला तर काहीच झालं नाही. पलीकडच्या शिवारात बांध फुटू दे, माझ्या बाटलीत पाणी नाही म्हणजे पाऊस नाही. माणसं येऊन भांडायची, "बाई, आमच्या वावरात गुडघ्याएवढं पानी अन् तुमच्या मापात थेंब न्हाई, हे कसं?" त्यांचं खरं असायचं. माझंही खरं असायचं.

एकदा तर सकाळी बाटली जवळजवळ भरलेली. अंगण कोरडं, पत्र्यावर धूळ, आणि बाटलीत पाणी. नाक लावून पाहिलं तर साबणाचा वास. समोरच्या घरातला एक गडी रात्रीतून बादली ओतून गेला होता, तीही धुण्याची. मी त्याला हाक मारून म्हटलं, "अरे, निदान स्वच्छ पाणी तरी आणायचं होतंस!" तो लाजून पळाला. पुढे अनेक वर्षं मला रस्त्यात पाहिलं की तो वाट बदलायचा.

आता मुद्द्यावर येते. भानुदास सर आमच्या गावचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. भूगोल शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी नकाशे काढायला लावले आहेत, म्हणून त्यांचा शब्द गावात चालतो. माणूस वाचणारा, पण वाचून झाल्यावर फक्त स्वतःचंच ऐकणारा. दरवर्षी डिसेंबर संपला की ते माझ्याकडे यायचे, चहा घ्यायचे आणि वर्षाची बेरीज उतरवून न्यायचे. मग सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली भाषण. "हे जागतिक तापमानवाढीचं जे खूळ निघालं आहे ना, ते मोठ्या देशांनी आपल्याला घाबरवण्यासाठी काढलं आहे. आपल्याच मंडळाच्या सरकारी नोंदी बघा. तीस वर्षांत पाऊस तेवढाच आहे. निसर्ग सरासरी सोडत नाही!" आणि शेवटी, "या नोंदी इतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या शकुंतलाबाईंचं कौतुक केलं पाहिजे." टाळ्या पडायच्या. मी पदर सावरून बसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आणि मला माहीत होतं की ते चूक आहे. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा बोलले नाही. मी काही शास्त्रज्ञ नाही. दुनिया तापते की थंड होते हे मोजायची माझ्याकडे बाटली नव्हती. पण रोज वहीची पानं उलटणाऱ्या बाईला काही दिसतच नाही असं नसतं. मी नोकरीला लागले तेव्हा श्रावणात झड लागायची. आठ-आठ दिवस रिपरिप चालायची, भिंतींना ओल यायची, धुणं वाळायचं नाही, पोरं घरात कंटाळायची. वहीत ओळीने लहान लहान आकडे असायचे, रोज थोडं थोडं पाणी. पुढे ती पानं बदलली. शून्य, शून्य, शून्य, आणि मध्येच एक भलामोठा आकडा, मग पुन्हा शून्यांची रांग. बेरीज केली तर दोन्ही पानांची जवळपास सारखीच भरते. सरांना बेरीज दिसायची. शून्यांच्या रांगेत करपलेला कापूस आणि एका दुपारच्या पाण्यात खरवडून गेलेली माती बेरजेत दिसत नाही.

माझ्या स्वभावाला चैन पडेना म्हणून मी समासात पेन्सिलीने वेळ लिहायला लागले. कधी सुरू झाला, कधी थांबला. वहीत त्याला रकाना नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी खोडरबर मागवून एक पान पुसायलाही लावलं, "सरकारी वहीत खासगी टिपणं नकोत." मी त्यांच्यासमोर पुसलं आणि ते गेल्यावर पुन्हा लिहिलं.

गंगाराम मामा धनगर, वडीगोद्रीकडचे. दसऱ्याच्या सुमाराला कळप घेऊन आमच्या भागात यायचे. सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात शेतकरी मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर कळप वावरात राहतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या पिकाला असं खत मिळत नाही. मेंढ्या पांगू नयेत म्हणून खुंट्या ठोकून भोवती जाळी बांधतात, तिला वाघर म्हणतात. मामांना वाचता येत नव्हतं, पण माझ्या वहीवर त्यांचा फार विश्वास. गावात आले की आधी कार्यालयात येणार, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसणार आणि विचारणार, "बाई, वही काय म्हनती?"

माझ्या नोकरीच्या शेवटाशेवटाला एका वर्षी भानुदास सरांनी त्यांना ओढ्याकाठच्या पट्ट्यात मेंढ्या बसवायला बोलावलं होतं. सोयाबीन काढून गंजी लावून ठेवलेली होती, खालचा पट्टा मोकळा होता. मामांच्या मनाला ते पटत नव्हतं.

"बाई, जागा खोलात हाये. वरून पानी आलं तर पळायला जागा न्हाई. सर म्हनून राह्यले, ऑक्टोबरात काय येतंय पानी. तुमी सांगा."

सर त्यांच्यासोबतच आले होते. म्हणाले, "अहो, यांनाच विचारा. तीस वर्षांचा हिशोब यांच्याकडे आहे."

मी वही उघडली. मागच्या सगळ्या वर्षांच्या ऑक्टोबरच्या बेरजा पाहिल्या. समास पाहिला नाही. माझ्याच हाताने लिहिलेल्या पेन्सिलीच्या ओळी तिथे होत्या, आणि मी फक्त बेरजा पाहिल्या, कारण समोर सर उभे होते आणि मला कौतुक हवं होतं. म्हटलं, "मामा, या महिन्याची सरासरी अगदी कमी आहे. खुशाल बसवा."

मामा म्हणाले, "मंग ठीक हाये. तुमी म्हनता तर बिलकुल ठीक."

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, आभाळाचं बूडच निघालं होतं. साडेसातला मी छत्री घेऊन कार्यालयाकडे निघाले. शंभर पावलांच्या रस्त्याला मला पाव तास लागला. छत्री उलटली ती तिथेच टाकली. आठ वाजले तेव्हा मी कुंपणाच्या आत उभी होते, घोट्यापर्यंत पाणी, आणि पाऊस कमी व्हायचं नाव घेत नव्हता.

एक क्षण मनात आलं, थांबावं. पाऊस उघडल्यावर मोजू. बाटलीत अजून जागा आहे, कोण बघायला येणार आहे? पण इतक्या वर्षांत मी आठचे सव्वाआठ केले नव्हते. तापात गेले होते, मुलीच्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या हाताने गेले होते. आठ म्हणजे आठ. मी बाटली काढली, माप पदराखाली धरून तीनदा भरलं आणि वाचलं. एकोणपन्नास. पाणी बाजूला ओतलं आणि रिकामी बाटली त्याच धो धो पावसात परत ठेवली.

वहीत आकडा लिहून हात पुसते आहे तोच ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. मी पळाले. ओढा रस्त्यावर आला होता. तांबडं पाणी, त्यात सोयाबीनच्या गंजीचे पुंजके, आणि पट्ट्याच्या जागी नुसतं वाहतं पाणी. मामा कमरेएवढ्या पाण्यात कुऱ्हाडीने वाघरीच्या दोऱ्या तोडत होते. मेंढ्या पांगू नयेत म्हणून बांधलेली जाळी, तीच त्यांना बाहेर पडू देत नव्हती. मामी बांधावर उभी राहून एकेका मेंढीला नावाने हाक मारत होती. वाघर तुटली तेव्हा वरच्या अंगाच्या मेंढ्या बांधाकडे आल्या, खालच्या अंगाच्या गेल्या. अर्धा कळप गेला. गावातल्या चौघांनी मामांना ओढून बाहेर काढलं, तेव्हा कुऱ्हाड त्यांच्या हातातून सुटत नव्हती.

पाऊस दहाला थांबला. दुपारी ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी बाटली काढली. चव्वेचाळीस.

वाचकांच्या लक्षात आलं असेल. चार तासांत त्र्याण्णव मिलिमीटर पाणी पडलं होतं. पण एकोणपन्नास एका दिवसाचे आणि चव्वेचाळीस दुसऱ्या दिवसाचे. दोन्ही दिवस पासष्टच्या आत. म्हणजे आमच्या मंडळात अतिवृष्टी झालीच नाही. शेजारच्या मंडळात पाऊस आठनंतर सुरू झाला म्हणून एकाच दिवसात मोडला आणि ते यादीत आलं. ओढा एकच, पूर एकच. यादीत त्यांचं नाव आणि आमचं नाही, कारण मी घड्याळाची पक्की होते.

तीन दिवसांनी भानुदास सर आले. चहा नको म्हणाले. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शकुंतलाबाई, एक काम करा. दोन्ही आकडे एकाच तारखेला टाका. पाणी तेच आहे, फरक काय पडतो?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या माणसाने दरवर्षी झेंड्याखाली माझ्या आकड्यांच्या काटेकोरपणावर टाळ्या मिळवल्या, तो मला आकडा फिरवायला सांगत होता. मी म्हटलं, "सर, वर्षाची बेरीज अजून सरासरीतच आहे. निसर्ग सरासरी सोडत नाही, तुम्हीच सांगता ना? मग तुमची गंजी कोणी नेली?"

"हे शंभर वर्षांतून एकदा होतं," सर म्हणाले.

"मग पुढची शंभर वर्षं निर्धास्त राहा," मी म्हटलं आणि दार उघडून धरलं. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाला मी असं कधी बोलले नव्हते. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी, मामा आले तेव्हा. उंबऱ्याबाहेर बसले. वही काय म्हणते, असं विचारलं नाही. जमिनीवर काडीने रेघा मारत म्हणाले,

"बाई, खोटं ल्ह्या म्हनून न्हाई आल्तो मी. पर एक सांगा. पानी सहाला आलं अन् धाला थांबलं. मधी एक मिनिट थांबलं न्हाई, मी पान्यातच व्हतो. ते एकच पानी व्हतं. तुमी त्याचे दोन कसे केले?"

मी त्यांना नियम समजावून सांगायला लागले. आठ वाजता बाटली रिकामी करावी लागते, मामा. आज आठ ते उद्या आठ. बोलता बोलता मलाच माझी लाज वाटली. मामा म्हणाले, "न्हाई, तुमचं काम तुमी बराबर केलं असंल." यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी शाईचा पेन घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : पाऊस सकाळी सहा ते दहा सलग, एकच, एकूण त्र्याण्णव. खाली सही केली. समासातल्या जुन्या पेन्सिलीच्या टिपणांची नक्कल काढली, रजा टाकली आणि बसने जिल्ह्याला गेले. कोणत्या कार्यालयात गेले ते सांगत नाही. तीन खोल्या फिरले. शेवटच्या खोलीतल्या साहेबांनी वही पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण संगणकात शेऱ्याला रकानाच नाही."

"साहेब, माणसाच्या मेंढ्या वाहून गेल्या."

"मेलेल्या मेंढ्यांचा पंचनामा असेल तर जोडा."

"वाहून गेल्या म्हणते मी. मेलेली मेंढी कुठून आणू? ओढ्याला विचारू?"

साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि अगदी सहज म्हणाले, "आणि तसं बघितलं तर तुमच्या मंडळाचा वर्षाचा पाऊस सरासरीतच आहे."

तिथे माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. सरासरी काढायला तुम्हाला पगार मिळतो का, एक पाय विस्तवात आणि एक पाय बर्फात ठेवून बसा आणि सांगा सरासरी बरी आहे, असं काहीतरी बोलले. शिपायाने मला बाहेर आणून पाणी दिलं. तोही भोकरदनचाच निघाला. म्हणाला, "मावशी, आमच्याकडंबी असंच झाल्तं." बसमध्ये मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईने काही न विचारता खिडकीची जागा दिली.

मामांना काही मिळालं नाही. ते त्या वर्षी उरलेला कळप घेऊन लवकर परतले. आमच्या मंडळाच्या नोंदीत तो दिवस आजही साधा पावसाचा दिवस आहे. पुढच्या वर्षी स्वयंचलित यंत्र आलं, दुसऱ्याच गावात बसवलं, आणि माझी बाटली मोडीत गेली. नवीन आलेला लिपिक म्हणाला, "आता तुम्हाला आठला यायची गरज नाही, मावशी." जुन्या वह्या कपाटावर टाकलेल्या होत्या. निवृत्त होताना मी समासातल्या नोंदी एका वहीत उतरवून घरी आणल्या. चोरी म्हणायची असेल तर म्हणा.

शंभर वर्षांतून एकदा होणारं ते पाणी त्यानंतर दोनदा येऊन गेलं. एकदा मार्चमध्ये, गारांसकट. भानुदास सरांनी भाषण मात्र बदललेलं नाही. आकडे आता ते मोबाइलवरून काढतात.

मी निवृत्त झाल्यावरही मामा येतात. आता घरी येतात, कळप पुन्हा थोडा वाढला आहे. मागच्या ऑक्टोबरात आले, ओसरीवर बसले. सरांनी पुन्हा त्याच पट्ट्यात बोलावलं होतं. मामांनी चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि म्हणाले, "बाई, किती पडंल ते न्हाई इचारत. किती घंट्यात पडंल, ते सांगा."

ज्याला अक्षर वाचता येत नाही त्या माणसाने बरोबर प्रश्न विचारला होता. मी माझी पेन्सिलीची वही आणली, चष्मा लावला, सगळी पानं पुन्हा पाहिली. मग वही मिटली.

"मामा, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही आता. वर माळावर बसवा."

मामा उठले आणि कळप माळावर घेऊन गेले. सरांना राग आला, त्यांचं खत गेलं. त्या रात्री आभाळ निरभ्र होतं, एक थेंब पडला नाही. सकाळी सर माझ्या दारावरून जाताना थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "काय शकुंतलाबाई, कुठे आहे तुमचा पूर?" आणि हसले. दोन-चार लोकही हसले.

मी चप्पल घातली आणि माळावर गेले. मामा वाघर सोडत होते. एकेक मेंढी बाहेर पडत होती आणि ते काठी टेकवून मोजत होते. मी बाजूला उभी राहिले. शेवटची मेंढी बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बराबर हायेत, बाई," मामा म्हणाले. "समद्या हायेत."